बांधलेले रुमाल : नैराश्यावरील औषधे आणि मेंदूतील जनुकांचे वाचन

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



या व्याख्यानमालेसाठी विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली, तेव्हा समितीच्या मनात बहुधा तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास असावा. लग्नानंतर मी तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या आडुतुरै या गावी स्थायिक झाले आणि त्या परिसरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते, तेव्हा ती अपेक्षा स्वाभाविकच म्हटली पाहिजे. तंजावर आजच्या बोलण्यात येईल, पण पाहुणे म्हणून. विषय माझ्या रोजच्या कामातला आहे : नैराश्यावरची गोळी पोटात गेल्यावर मेंदूत नेमके काय घडते, आणि जे घडते त्याला इतका वेळ का लागतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. आमच्याकडे येणारा रुग्ण बहुधा ‘मनसु सरियिल्लै’ एवढेच म्हणतो. मन ठीक नाही. आपण ‘कशात मन लागत नाही’ म्हणतो, तसेच ते. झोप उडालेली असते, अन्नाची चव गेलेली असते, हातचे काम सुटलेले असते. गोळ्या सुरू होतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी तगमग असा त्रास होतो आणि मन मात्र होते तिथेच राहते. दहाव्या-बाराव्या दिवशी घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणते, ‘एवढ्या गोळ्या खाऊन काय फरक पडला? उगाच सवय लागायची.’ आणि गोळ्या बंद होतात. औषधाचे खरे काम ज्या सुमारास दिसू लागायचे, नेमक्या त्याच सुमारास ते थांबते. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा येतो, तेव्हा तो अधिक खचलेला असतो आणि ‘औषधाचाही उपयोग होत नाही’ हे एक नवे दुःख त्याच्या जुन्या दुःखात मिळालेले असते. काही जण पुन्हा येतच नाहीत. म्हणून बाराव्या दिवशीचा तो प्रश्न मी फार गंभीरपणे घेते. त्याचे उत्तर ‘धीर धरा’ एवढेच असेल, तर ते डॉक्टरचे उत्तर नव्हे. धीर का धरायचा, हे सांगता आले पाहिजे.

थोडे मागे जाऊ. या कथेचे पहिले प्रकरण बरेचसे आपल्याच देशात घडले आहे. सर्पगंधा ही वनस्पती उन्मादावर आणि निद्रानाशावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कोलकात्याच्या वैद्यकांनी तिचे शामक आणि रक्तदाब उतरवणारे गुण शास्त्रीय नियतकालिकात मांडले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाची पद्धतशीर नोंद ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचे मन खिन्न होते, अशा नोंदी पुढे येऊ लागल्या. १९५५ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असे दिसले की, रिसर्पिनमुळे शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. सेरोटोनिन म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे रसायन. याच दशकात क्षयरोगावरचे इप्रोनियाझिड हे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झालेले आढळले, आणि ते औषध अशा निरोप्या रसायनांचा नाश थांबवते हे कळले. १९५७ साली रोलांड कून या स्विस मनोविकारतज्ज्ञाने इमिप्रामिनचा नैराश्यावरील गुण जाहीर केला.

या सगळ्यांतून एक सुटसुटीत सिद्धान्त उभा राहिला : रसायन कमी झाले की मन खचते, रसायन वाढवले की मन सावरते. सिद्धान्त इतका सुटसुटीत होता की तो पाठ्यपुस्तकांत गेला, औषधांच्या जाहिरातींत गेला आणि आम्ही डॉक्टरही रुग्णांना तोच सांगत राहिलो. विहिरीला पाणी कमी आहे, बाहेरून थोडे ओतू या! पुढे रिसर्पिनच्या त्या जुन्या नोंदींची फेरतपासणी झाली, तेव्हा त्या वाटल्या तितक्या भक्कम नव्हत्या असे दिसले. २०२२ साली लंडनमधील संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला आणि नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, या म्हणण्याला सुसंगत पुरावा नाही असे दाखवले. वृत्तपत्रांनी लगेच मथळे दिले की ही औषधेच निरुपयोगी. तसे अर्थातच ठरत नाही. डोकेदुखी अ‍ॅस्पिरिनने थांबते, म्हणून डोकेदुखी म्हणजे अ‍ॅस्पिरिनची कमतरता असे कोणी म्हणत नाही. आणि अ‍ॅस्पिरिनचा अभाव सापडला नाही, म्हणून अ‍ॅस्पिरिन खोटे आहे असेही कोणी म्हणत नाही. औषधाने गुण येतो की नाही, हे रुग्णांवरील चाचण्यांतून ठरते. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि प्रौढांच्या नैराश्यात ही सर्व औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. त्यांचा सरसपणा फार मोठा नाही, हेही त्याच आढाव्याने सांगितले. दोन्ही वाक्ये लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

मात्र त्या सुटसुटीत सिद्धान्तातली खरी मेख निराळीच होती, आणि ती सुरुवातीपासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. ती मेख वेळेची. फ्लुऑक्सेटिनसारखी गोळी सेरोटोनिन परत पेशीत ओढून घेणारी वाट अडवते आणि दोन पेशींमधल्या फटीत ते रसायन अधिक काळ रेंगाळते. हे काम काही तासांत होते. मन सावरायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. विहिरीत पाणी ओतले, पाणी दिसतेही आहे, आणि तहान भागायला महिना लागतो, हे कसे? मधल्या दिवसांत मेंदूत काहीतरी दुसरे घडत असले पाहिजे. ते सावकाश घडणारे असले पाहिजे, आणि रसायन वाढणे ही त्याची केवळ सुरुवात असली पाहिजे.

ते ‘दुसरे काहीतरी’ समजून घेण्यासाठी मी तुम्हांला आमच्या आडुतुरैच्या शेतावर नेते. आमचे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले आहे. तेथे १९२२ साली सुरू झालेले भातसंशोधन केंद्र आहे, आणि ‘एडीटी’ या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या भाताच्या जातींतील ती अक्षरे आमच्या गावाचीच आहेत. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडतात आणि कुरुवै हंगामाची लगबग सुरू होते. कुरुवैचे भात सुमारे ११० दिवसांत हाती येते. त्यानंतरचा लांबीचा हंगाम सांबाचा. सांबाच्या जुन्या जातींचा एक हट्ट तेथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतो : त्या तुम्ही जूनमध्ये पेरा, पाणी द्या, खत द्या, त्या नुसत्या वाढत राहतात. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्यांना फुलोरा येत नाही.

आता विचार करा. फुलण्यासाठी लागणारे जनुक त्या रोपाच्या प्रत्येक पेशीत पहिल्या दिवसापासून आहे. ते जुलैत नव्हते आणि ऑक्टोबरात आले, असे नाही. जुलैत ते वाचले जात नव्हते. दिवस मोठा आहे तोवर रोप त्या जनुकाला गप्प ठेवते, आणि दिवस आखडला की पानातील तेच जनुक बोलू लागते. २००७ साली जपानी संशोधकांनी दाखवले की त्या जनुकापासून बनलेले प्रथिन पानातून शेंड्यापर्यंत प्रवास करते आणि तेथे फुलोऱ्याची आज्ञा देते. जनुक असणे वेगळे आणि जनुक वाचले जाणे वेगळे. या वाचण्या-न वाचण्याच्या व्यवस्थेला जनुकांचे नियमन म्हणतात. तुमच्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत जनुके तीच, सुमारे २०,०००. तरी एक पित्त तयार करते आणि दुसरी आठवण जपते, ती या नियमनामुळे.

हे नियमन चालते कसे? येथे मी तंजावरला बोलावते. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील मराठी कागदपत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. आपल्या पुण्याच्या पेशवे दफ्तरातही तशी आहेत. दफ्तरातील कागद ज्या कापडात बांधून ठेवत, त्याला ‘रुमाल’ म्हणत. कागद रुमालात सुरक्षित असतो, पण गाठ सुटल्याशिवाय वाचता येत नाही. आणि वाचायचा झाला तरी मूळ कागद दफ्तराबाहेर जात नाही. त्याची नक्कल करून ती बाहेर पाठवतात.

पेशीचे दफ्तर असेच आहे. एका पेशीतील डीएनएचा धागा उलगडला तर तो सुमारे दोन मीटर भरेल, आणि तो मावतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहूनही लहान केंद्रकात. एवढा धागा मावावा म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोन म्हणजे आपला रुमाल. रुमाल घट्ट असेल तर आतले जनुक वाचले जात नाही. तो सैल झाला की जनुकाची नक्कल निघते, ती म्हणजे आरएनए, आणि त्या नकलेवरहुकूम प्रथिन बनते. गाठ सैल वा घट्ट करण्याचे काम लहान लहान रासायनिक खुणा करतात. हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट जोडला की गाठ सैल होते. काही विशिष्ट जागी मेथिल गट बसला की तो भाग गप्प होतो. या खुणा लावणारे आणि काढणारे कारकूनही पेशीत असतात. अ‍ॅसिटिल खूण काढून रुमाल पुन्हा आवळणाऱ्या कारकुनांच्या एका घराण्याचे नाव आहे एचडॅक. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागेल. जनुकातील मजकुराचे एकही अक्षर यांत बदलत नाही. ‘गोळ्यांनी माणसाचे जनुक बदलते का?’ असे मला कुणी विचारले, की मी सांगते : कागद तोच राहतो, रुमालाची गाठ बदलते.

आता मेंदूकडे येऊ. मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. स्मरणाशी आणि ताण आवरण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. चेतापेशींना जगवणारे, त्यांच्या फांद्या वाढवणारे आणि जोडण्या पक्क्या करणारे एक प्रथिन तेथे बनते. त्याचे नाव बीडीएनएफ. आपण त्याला चेतापोषक प्रथिन म्हणू. दीर्घ ताणाखाली ठेवलेल्या प्राण्यांत त्या भागात त्याचे प्रमाण घटते. १९९५ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठात रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना नैराश्यावरील औषधे दिली. एक मात्रा दिली तर या प्रथिनाच्या जनुकाची नक्कल वाढली नाही. तीन आठवडे रोज औषध दिले तेव्हा ती वाढली. ज्या मधल्या दिवसांचे कोडे होते, त्यांचा पहिला ठसा येथे सापडला. सेरोटोनिनसारख्या रसायनाचा निरोप पेशीच्या दारावरच संपत नाही. तो आतल्या निरोप्यांकरवी केंद्रकापर्यंत जातो आणि जनुकाच्या शेजारी बसून नकलेची आज्ञा देणाऱ्या प्रथिनांना जागे करतो. हे रोज, पुन्हा पुन्हा, आठवडेच्या आठवडे घडावे लागते.

ड्यूमन यांच्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या विदिता वैद्य. मुंबईत वाढलेल्या आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या वैद्य यांनी २००० साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा उभारली. २०१५ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले, हे वृत्तपत्रांत आले होते. पण २००३ साली त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या एका निबंधाविषयी वृत्तपत्रांत काही आले नसावे, आणि माझ्या मते आजच्या विषयासाठी तो मोलाचा आहे. चेतापोषक प्रथिनाचे जनुक एक आणि त्यापासून होणारे प्रथिनही एकच. पण त्याची नक्कल सुरू करण्याच्या जागा अनेक आहेत. तेव्हा उंदरांत अशा चार जागा माहीत होत्या, पुढे आणखी सापडल्या. एका वाड्याला चार दरवाजे असावेत, तसे. मुंबईच्या या अभ्यासाने दाखवले की नैराश्यावरील वेगवेगळे उपचार हे सगळे दरवाजे सारखे ठोठावत नाहीत. विजेच्या उपचाराचा ठसा वेगळ्या जागी उमटतो, एका औषधाचा वेगळ्या, दुसऱ्याचा आणखी वेगळ्या. ‘नैराश्यावरची गोळी’ असे आपण एकवचनात बोलतो, त्या एकवचनाखाली पेशीच्या पातळीवर बरीच विविधता आहे, याची जाणीव त्याने करून दिली. एका रुग्णाला एक औषध लागू पडते आणि त्याच्या सख्ख्या भावाला ते पडत नाही, हे आम्ही रोज पाहतो. या निबंधाने त्याचा उलगडा झाला असे मी म्हणणार नाही. पण शोध कोठे घ्यायचा ती दिशा दिसली.

२००६ साली रुमालाचाच थेट शोध लागला. टेक्सासमधील डॅलस येथे एरिक नेस्लर यांच्या प्रयोगशाळेत एका लहान उंदराला सलग दहा दिवस, रोज नव्या दांडग्या उंदराकडून मार खावा लागला. शाळेच्या मैदानावर जे कधीकधी घडते त्याचीच ही प्रयोगशाळेतली आवृत्ती! त्या उंदराने इतरांत मिसळणे सोडले. त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापोषक प्रथिनाच्या जनुकाच्या दोन आरंभस्थानांवर गप्प करणाऱ्या मेथिल खुणा दाट बसल्या आणि नक्कल घटली. मार थांबल्यावर चार आठवड्यांनीही त्या खुणा तशाच होत्या. मग त्याला चार आठवडे इमिप्रामिन दिले. नक्कल पूर्ववत झाली आणि उंदीर पुन्हा इतरांजवळ जाऊ लागला. आत पाहिले तर रुमाल आवळणारा एचडॅक-५ हा कारकून कमी झाला होता आणि त्याच जागी सैल करणाऱ्या अ‍ॅसिटिल खुणा वाढल्या होत्या. हा योगायोग नाही ना, हेही तपासले गेले. हिप्पोकॅम्पसमध्ये एचडॅक-५ कृत्रिमरीत्या वाढवून ठेवला, तेव्हा इमिप्रामिनचा गुण आलाच नाही.

या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ताणाने बसवलेल्या मेथिल खुणा इमिप्रामिनने पुसल्या नाहीत. त्या होत्या तिथेच राहिल्या. औषधाने त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुणा उभ्या केल्या आणि जनुकाला बोलते केले.

आडुतुरैपासून जवळच तिरुविडैमरुदूर येथे महालिंगस्वामींचे पुरातन मंदिर आहे. मनाचे दुखणे घेऊन लोक तेथे येतात. माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण आधी तेथे जाऊन आलेले असतात, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. तेथली कथा अशी : वरगुण पांड्य राजाच्या घोड्याखाली नकळत एक ब्राह्मण मेला आणि ब्रह्महत्या सावलीसारखी त्याच्या मागे लागली. राजा पूर्वेच्या गोपुरातून मंदिरात शिरला, तेव्हा ती सावली बाहेर त्याची वाट पाहत थांबली. देवाने त्याला पश्चिमेच्या दाराने जाण्यास सांगितले आणि तो मुक्त झाला. आजही भाविक आल्या दाराने परत जात नाहीत. या कथेत सावलीचा नाश होत नाही, हे ध्यानात घ्या. ती पूर्वेच्या दाराशी उभीच आहे. राजाला फक्त वाट मिळाली. कथा आणि रसायनशास्त्र यांची सांगड घालून आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणण्याची हौस मला नाही. पण सहा आठवड्यांनी बरे वाटू लागलेला रुग्ण जेव्हा विचारतो, ‘आता सोडू ना गोळ्या?’, तेव्हा त्याला हिस्टोन समजावण्यापेक्षा मला ही कथा जवळची वाटते. ती त्याला बालपणापासून माहीत असते. मी म्हणते, ‘सावली अजून दाराशी आहे, थोडे पुढे चला.’ बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे, असे मार्गदर्शक नियम सांगतात. एकदम थांबवले तर चक्कर, बेचैनी, अंगातून झिणझिण्या जाणे असा त्रास होऊ शकतो. तो व्यसनाचा पुरावा नव्हे. या औषधांची दारूसारखी ओढ लागत नाही. पण जी व्यवस्था सावकाश बसली, ती सावकाशच उतरवावी लागते.

उंदराच्या मेंदूवरून माणसाच्या मनाविषयी किती बोलावे, याला मर्यादा आहे. उंदराला अपराधी वाटते का, भविष्य अंधारले आहे असे वाटते का, हे विचारता येत नाही. शिवाय सारे काही जनुकांच्या वाचनातूनच घडते असेही नाही. २०२१ साली हेलसिंकीच्या एरो कास्त्रेन यांच्या गटाने दाखवले की ही औषधे चेतापोषक प्रथिनाच्या ग्राहकाला थेटही चिकटतात. आणि औषधांचे यशही मर्यादित आहे. अमेरिकेत हजारो रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण सुमारे एक तृतीयांश होते. उरलेल्यांसाठी औषध बदलणे, जोडीला मानसोपचार देणे, असे पुढचे पाऊल टाकावे लागते. पहिली गोळी लागू पडली नाही याचा अर्थ दारे संपली असा होत नाही.

चेतापोषक प्रथिनाचे जनुक फक्त गोळीचेच ऐकते असेही नाही. १९९५ सालीच, म्हणजे येलच्या प्रयोगाच्याच वर्षी, कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले होते की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत याच जनुकाची नक्कल वाढते. आपल्या शाळेत खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास घेण्याची प्रथा आमच्या वेळी होती. आता ती बंद झाली असल्यास मी मुख्याध्यापकांचे अभिनंदन करते. अर्थात, तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेही डोंगराएवढे वाटते. अशा माणसाला ‘जरा फिरून ये, बरे वाटेल’ असे सांगणे क्रूरपणाचे होते. आधी उठण्याइतके बळ, मग फिरणे. आणि येथेच घरच्यांनी सावध राहायचे असते. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगातली हालचाल कधीकधी मनाच्या आधी परतते. माणूस उठू-फिरू लागतो, पण आतला अंधार तसाच असतो. त्या दिवसांत त्याला एकटे सोडू नये.

शेवटी मुलांविषयी. कारण ही शाळा आहे, आणि पालकांचे प्रश्न मला आधीच चिठ्ठ्यांवर मिळाले आहेत. २०१४ साली वैद्य यांच्या प्रयोगशाळेने, नेस्लर यांच्या गटाच्या साहाय्याने, एक विलक्षण निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रौढ उंदरावर नैराश्य उतरवणारे तेच फ्लुऑक्सेटिन नवजात पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत दिले, तर ती पिल्ले मोठी झाल्यावर उलट अधिक भित्री आणि खिन्न वागली. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रुमाल आवळणाऱ्या घराण्यातला दुसरा कारकून, एचडॅक-४, वाढलेला आढळला. औषध तेच, मेंदूचा भागही तोच, वय वेगळे आणि परिणाम उलटा. सांबाचे बी कुरुवैच्या हंगामात पेरल्यासारखे. वाढीच्या काळात मेंदू आपली कायमची गाठबांधणी करत असतो, आणि त्या वेळी आलेली आज्ञा तो वेगळ्या रीतीने नोंदवतो.

पिल्लाचे पहिले तीन आठवडे म्हणजे आपल्या नववी-दहावीच्या मुलाचे वय नव्हे. म्हणून या प्रयोगाच्या आधारे कोणी मुलाच्या किंवा गरोदर स्त्रीच्या चालू गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत, हे मी स्पष्ट सांगते. किशोरवयातील तीव्र नैराश्यात फ्लुऑक्सेटिन वापरले जाते आणि त्याचा उपयोगही होतो. मात्र कोवळ्या वयात या औषधांच्या सुरुवातीला काही मुलांत आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली वेष्टनावर छापायला लावला आणि २००७ साली तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. तात्पर्य, मुलाला शेजाऱ्याच्या किंवा आईच्या डबीतली अर्धी गोळी कधीही देऊ नये. सौम्य नैराश्यात आधी बोलणे, मानसोपचार, झोप आणि खेळ. तीव्र असेल तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध, आणि पहिले काही आठवडे दर आठवड्याला भेट. एका चिठ्ठीवर नावाशिवाय लिहिले आहे, ‘घरी सांगता येत नाही, कोणाला सांगू?’ ज्याने वा जिने ती लिहिली त्या विद्यार्थ्यासाठी : केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे दिवसरात्र, मराठीतून, विनामूल्य बोलता येते. आणि व्याख्यान संपल्यावर मी ग्रंथालयाच्या खोलीत दोन तास बसणार आहे. दार लोटलेले असेल, कडी नसेल.